रेडीमेड प्लास्टिकचं इन्स्पेक्शन चेंबर: दोन वर्षं वापरून झाल्यावर

पाईप कुठला घेतला, कुठल्या क्लासचा, जाडी किती, हे सगळे विचारतात. चेंबर, म्हणजे लाईन तपासायला आणि साफ करायला वाटेत ठेवलेला झाकणाचा खड्डा, कुठलं बसवलं हे कोणीच विचारत नाही. आणि पुढे लाईन तुंबली, झाकणाशेजारी रस्ता खचला, बाहेरचं पाणी आत झिरपायला लागलं की शोधत शोधत आपण पोचतो ते चेंबरपाशीच. सतरा वर्षं मी ड्रेनेज आणि पाण्याच्या लाईनींच्या साईटवर काढली, माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी पाईपच्या नव्हत्याच, चेंबरच्या होत्या. म्हणून म्हटलं यावर एकदा सविस्तर लिहूया.

काम होतं एका मोठ्या वसाहतीच्या आतल्या लाईनचं. ड्रेनेजची चेंबरं एकूण ४८, त्यातली ४२ आम्ही रोटोमोल्डिंगची, म्हणजे साच्यात फिरवून बनवलेली पॉलिथिलीनची रेडीमेड घेतली, ६०० एमएम व्यासाची. जिथे खोली तीन मीटरच्या पुढे जात होती अशा ६ ठिकाणी १२०० एमएमच्या प्रीकास्ट आरसीसी रिंगा, म्हणजे कारखान्यात आधीच ओतून आणलेल्या सळईच्या काँक्रीटच्या. पाण्याच्या लाईनला व्हॉल्व्ह चेंबर ९, त्यातली ४ त्याच कंपनीची प्लास्टिकची आणि ५ काँक्रीटची. विटांची मॅनहोल, म्हणजे माणूस उतरेल एवढी मोठी चेंबरं, आधीच्या कामांवर भरपूर केलेली आहेत, त्यामुळे तुलना डोक्यात कायम चालूच होती.

रेडीमेड चेंबर येतं तीन भागात. खाली बेस, त्यात नाली आणि बेंचिंग, म्हणजे नालीच्या दोन्ही बाजूंचे उतरते काठ, आधीच साच्यात तयार, तीन बाजूंनी पाईप येणार आणि एका बाजूने जाणार. त्यावर वळ्यावळ्यांचा शाफ्ट, म्हणजे उभी नळी, जो पाहिजे त्या उंचीला साध्या करवतीने कापता येतो. आणि सगळ्यात वर टेलिस्कोपिक, म्हणजे शाफ्टमध्ये वर-खाली सरकणारा तुकडा, फ्रेम आणि झाकण. बेस दोन माणसं हातानी उचलून चरात ठेवतात. याउलट प्रीकास्टची अर्ध्या मीटर उंचीची, १०० एमएम जाडीची एक रिंग पाचशे किलोच्या घरात जाते, तिला क्रेनच लागते, आणि अरुंद गल्लीत क्रेन उभी करायची म्हणजे अर्धा दिवस तिथेच गेला. विटांच्या मॅनहोलला तर बांधकाम, आतून-बाहेरून प्लास्टर, क्युरिंग, तोवर चर उघडा, त्यात पाऊस आला की कडा ढासळणार. इथे आमच्या माणसांनी हात बसल्यावर दिवसाला चार चेंबरं बसवली, भरावासकट.

मला सगळ्यात जास्त आवडली ती आतली नाली. चेंबर म्हणजे नुसता खड्डा नाही, पाईपमधून आलेलं पाणी तोच वेग आणि तोच उतार धरून पुढच्या पाईपमध्ये गेलं पाहिजे, वाटेत कुठे थबकता कामा नये. मैलापाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. विटांच्या मॅनहोलमध्ये ही नाली मिस्त्री काम संपता संपता थापीने ओढतो, वाकून, अंधारात, आणि ती कशी होते ते आपण सगळ्यांनी बघितलेलंय. मध्ये उंचवटा राहतो, बाजूची लाईन मुख्य लाईनला काटकोनात येऊन धडकते, बेंचिंग इतकं सपाट की त्यावर घाण वाळत पडते. या बेसमध्ये हात घालून फिरवलं तर बोटाला एकही कड लागत नाही, बाजूच्या लाईनी वळण घेऊन वाहत्या दिशेनेच मिळतात आणि त्यांचा तळ मुख्य नालीपेक्षा थोडा वर ठेवलाय म्हणजे मुख्य लाईन भरून वाहिली तरी बाजूला लगेच उलटं पाणी चढत नाही. बसवल्यावर आम्ही वरच्या चेंबरमध्ये रंग मिसळलेलं बादलीभर पाणी ओतलं आणि खालच्या चेंबरवर झाकण उघडून बघत बसलो. रंगीत पाणी आलं आणि एका झटक्यात पुढे गेलं, नालीच्या बाहेर एक थेंब उडाला नाही. हेच मी जुन्या एका विटांच्या मॅनहोलवर करून बघितलं होतं तेव्हा बेंचिंगवर रंगाचं डबकं साचून राहिलं होतं.

आता जोडणी. बेसच्या तोंडात रबरी रिंग असते आणि पाईप साबणाचं ल्युब्रिकंट लावून आत ढकलायचा. इथे आमच्या फिटरने पहिल्याच दिवशी गोंधळ घातला, ल्युब्रिकंटचा डबा सापडेना म्हणून मशीनचं ग्रीस लावलं. पाईप गेला सुळकन आत, सगळे खूश. पण ही रिंग ईपीडीएम रबराची, तिला पेट्रोलियमचं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं, मऊ पडतं आणि कालांतराने पकड सोडतं. कळल्यावर दोन्ही जोड उघडून रिंगा बदलल्या. ल्युब्रिकंट नसेल तर भांडी घासायचा पातळ साबण चालतो, ग्रीस आणि तेल मात्र अजिबात नाही, हे गोडाऊनच्या दारावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट नंतरच्या कनेक्शनची. एखाद्या घराची लाईन वरून शाफ्टमध्ये घ्यायची झाली तर होल सॉने, म्हणजे गोल करवतीने, भोक पाडायचं, कड घासून घ्यायची, त्यात रबरी सील बसवायचं आणि पाईप घालायचा. काम दहा मिनिटांचं, विटांची भिंत फोडून सिमेंटने बुजवण्यापेक्षा शंभर पटीने बरं. फक्त ती कापलेली प्लास्टिकची गोल चकती आत पडते. एका ठिकाणी ती कोणी काढलीच नाही, वाहत वाहत गेली आणि तीन चेंबर पुढे पाईपच्या तोंडाशी उभी राहिली, तिला चिंध्या अडकल्या आणि लाईन तुंबली. तेव्हापासून आमचा नियम, चकती हातात दाखवल्याशिवाय भोकाची नोंद होत नाही.

आता या मालाचा सगळ्यात मोठा दोष, आणि हा मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे कारण कॅटलॉगमध्ये याला अर्धी ओळ दिलेली होती. प्लास्टिकचं चेंबर तरंगतं. आमच्या २३ नंबरच्या चेंबरचा भराव अर्धाच झालेला होता, संध्याकाळी काम थांबवलं, रात्री जोराचा पाऊस झाला, सकाळी येऊन बघतो तर चेंबर पाच इंच वर आलेलं आणि दोन्ही बाजूचे पाईप वाकडे. हिशोब साधा आहे. शाफ्टचा बाहेरचा व्यास ६३० एमएम धरा, जमिनीतलं पाणी तळापासून दोन मीटर वर आलं तर चेंबर ०.६२ घनमीटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे वर ढकलणारा जोर सव्वासहाशे किलोच्या आसपास. आणि आपलं चेंबर किती किलोचं, तर दोन माणसं उचलतात. विटांचं किंवा आरसीसीचं मॅनहोल स्वतःच्या वजनाने जागेवर बसतं म्हणून आपल्याला ही सवयच नसते. उपाय बेसच्या कडेला जी फाकलेली बाहेरची कड असते तिच्यावर सगळीकडून काँक्रीट ओतून कॉलर करायची. पण काँक्रीटचंही पाण्यात वजन कमी होतं, घनमीटरला २४०० चं १४०० किलोच उरतं, म्हणजे वरच्या उदाहरणात भरावाची मदत धरली नाही तर ०.४५ घनमीटर काँक्रीट लागेल. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला भरावाने धरून ठेवतं. भराव पूर्ण झाल्यावर धरून ठेवत असेल, पण अर्धा भराव झालेल्या रात्रीचं काय? पाण्याची पातळी वर असलेल्या जागी ही कॉलर आधी करा, मग घरी जा. नाहीतर चेंबरमध्ये तात्पुरतं पाणी तरी भरून ठेवा, तेवढ्याने रात्र निघते.

भरावाबद्दल एवढंच की बारीक खडी किंवा वाळू, ३०० एमएमच्या थरात, आणि चारही बाजूंनी सारखी. एका बाजूने डंपर रिकामा केला की शाफ्ट दुसऱ्या बाजूला झुकतो आणि गोल शाफ्ट अंडाकृती होतो, मग वरचा टेलिस्कोपिक तुकडा आत जातच नाही. आमचं एक असं झालं, उकरून परत केलं.

पाण्याची टेस्ट मी प्रत्येक चेंबरला घेतली. युरोपियन स्टँडर्ड ईएन १६१० मध्ये चेंबरसाठी मर्यादा अशी आहे की अर्ध्या तासात ओल्या होणाऱ्या दर चौरस मीटरमागे ०.४ लिटरपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये. ६०० च्या चेंबरमध्ये दीड मीटर पाणी भरलं तर ही मर्यादा जेमतेम सव्वा लिटर होते, म्हणजे पातळी साडेचार एमएमपेक्षा जास्त उतरायला नको. ४२ पैकी ४० पहिल्या फटक्यात पास, पातळी जवळपास हललीच नाही. दोन नापास, आणि दोन्हीकडे कारण शाफ्ट आणि बेसच्या मधली रिंग पीळ पडून बसलेली. विटांच्या मॅनहोलला हीच टेस्ट लावायचं ठरवलं तर किती टिकतील याचा मला चांगला अंदाज आहे, म्हणूनच ती टेस्ट कोणी लावत नाही.

झाकणाकडे येऊ. इथे आमची पहिली खेप चुकीची आली. झाकणांची ईएन १२४ मध्ये वर्गवारी आहे, ए१५ पासून एफ९०० पर्यंत, आणि पुढचा आकडा म्हणजे टेस्टचा भार किलोन्यूटनमध्ये. ए१५ नुसतं पायी चालणाऱ्यांसाठी, बी१२५ फुटपाथ आणि छोट्या गाड्यांच्या पार्किंगला, सी२५० रस्त्याच्या कडेला कर्बपाशी, डी४०० रस्त्यात, म्हणजे साधारण ४० टनाचा भार. आम्हाला रस्त्यासाठी डी४०० पाहिजे होतं आणि गाडीतून उतरलं ते बी१२५. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, काळा रंग, तीच नक्षी. फरक फक्त झाकणावर ओतलेल्या अक्षरात. झाकण उतरवून घेताना प्रत्येक झाकणावरचा मार्क स्वतःच्या डोळ्याने वाचा, चलनावर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही. पुरवठादाराने बदलून दिलं, पण बारा दिवस गेले आणि तोवर उघड्या तोंडांवर प्लेटा टाकून, बॅरिकेड लावून बसावं लागलं.

पण डी४०० झाकण आणलं म्हणजे झालं असंही नाही. गाडीचं वजन झाकणावरून फ्रेमवर आणि फ्रेमवरून भोवतीच्या काँक्रीटच्या स्लॅबवर गेलं पाहिजे, प्लास्टिकच्या शाफ्टवर अजिबात नाही. त्यासाठीच तो टेलिस्कोपिक तुकडा असतो, रस्ता थोडा बसला तर झाकण रस्त्याबरोबर खाली सरकतं आणि शाफ्टला धक्का लागत नाही. आमच्याआधी शेजारच्या साईटवर दुसऱ्या ठेकेदाराने फ्रेम सरळ शाफ्टच्या कडेवर टेकवली होती, काही महिन्यांत शाफ्ट चिरला आणि झाकण वाकडं झालं, आणि नाव प्लास्टिकचं खराब झालं. मटेरियल म्हणाल तर रस्त्यात मी अजूनही डक्टाईल, म्हणजे सहज न तडकणारं ओतीव लोखंडच घेतो. कंपोझिटची, म्हणजे रेझिन आणि काचतंतूंची झाकणं हलकी, गंजत नाहीत, भंगारात विकली जात नाहीत म्हणून चोरीला जात नाहीत, हे सगळं खरं, पण लाईन भरून पाणी वर आलं की हलकं झाकण उचललं जातं, त्यामुळे लॉक असलेलंच घ्या. आणि गोलच घ्या. गोल झाकण कसंही उभं-आडवं फिरवलं तरी स्वतःच्या तोंडातून आत पडत नाही, चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने सटकन आत जातं, आणि खाली माणूस असेल तर पुढचं सांगायला नको.

खाली माणूस असेल तर. मी हे चेंबर निवडलं त्याचं खरं कारण हे वाक्य आहे, वेग आणि गळती त्याच्यानंतर. ६०० च्या शाफ्टमध्ये माणसाने उतरायचंच नसतं. युरोपियन नियमात विभागणी स्पष्ट आहे, १००० एमएम आणि वर असेल तर देखभालीसाठी माणूस उतरू शकतो, ८०० ते १००० मध्ये क्वचित आणि हार्नेस लावून, ८०० च्या खाली फक्त वरून काम. जुनी मॅनहोल मोठी असायची कारण बांबू आणि सळ्या घेऊन माणूस आत उतरणार हे गृहीतच धरलेलं होतं, आणि हाताने साफ करायचं म्हणून ती तीस-तीस मीटरवर ठेवावी लागायची. आता जेटिंगची, म्हणजे जोरदार पाण्याच्या झोताने साफ करणारी नळी वरून सोडता येते, कॅमेरा वरून सोडता येतो, सरळ लाईनीत ९० ते १२० मीटर अंतर चालतं. मग भोक मोठं ठेवायचं कशाला? मोठं भोक ठेवलं की कधीतरी घाईत, कोणीतरी, कोणाला तरी म्हणणारच की जरा उतरून बघ. मी स्वतः एकदा एका मॅनहोलच्या काठावर उभा होतो, खाली उतरलेला मुलगा म्हणाला साहेब आता वास येत नाही, आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं. सोबतचा म्हातारा मिस्त्री ओरडला, त्याला आत्ताच्या आत्ता वर घ्या. हायड्रोजन सल्फाइड हा मैलापाण्यातला विषारी गॅस १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास थांबणं म्हणजे गॅस वाढलाय. मुलगा वाचला. तो दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि जाऊही नये.

त्या सहा खोल १२०० च्या मॅनहोलमध्ये आम्ही पायऱ्या बसवल्याच नाहीत. पायऱ्या गंजतात, वरून धड दिसतात आणि पाय ठेवला की तुटतात. उतरायची वेळ आलीच तर ट्रायपॉड, हार्नेस, ब्लोअर, आणि गॅस मीटर आधी दोरीने खाली, वरच्या, मधल्या आणि तळाच्या पातळीवर. ऑक्सिजन हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली दिसला किंवा सल्फाइडचा १० पीपीएमचा अलार्म वाजला की कोणी उतरत नाही, मग बिल्डिंगमधल्या लोकांनी कितीही आरडाओरडा करू दे.

या सहांपैकी एकात पंपिंगची लाईन, म्हणजे पंपाने ढकललेलं मैलापाणी आणणारी, येऊन पडते. दोन वर्षांत तिथल्या काँक्रीटचा पाण्याच्या वरचा भाग खरवडला तर पांढरट पीठासारखा निघतो. पाणी बंद पाईपात तासनतास राहिलं की सल्फाइड तयार होतं, मॅनहोलमध्ये उसळून हवेत येतं आणि ओल्या भिंतीवरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. ॲसिड सिमेंट खातं. पॉलिथिलीनला काही करत नाही. तिथे आता आतून अस्तर करायचं ठरलंय, पुन्हा काम मिळालं तर पंपिंगच्या तोंडाशी मी आधीच अस्तराचं मॅनहोल मागणार.

ड्रेनेजच्या चेंबरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या तरंगण्याचा आणि ते नीट न सांगितल्याचा.

पाण्याच्या लाईनची प्लास्टिक व्हॉल्व्ह चेंबरं मात्र मला पटली नाहीत, पाचपैकी दोन. ड्रेनेजचं चेंबर वरून वापरायचं असतं, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये हात घालून काम करायचं असतं. फ्लँजचे, म्हणजे पाईप-व्हॉल्व्ह जोडणाऱ्या चकत्यांचे, बोल्ट काढायला पाना फिरायला जागा पाहिजे, व्हॉल्व्ह उचलून बाहेर काढायचा तर त्याच्याहून मोठं तोंड पाहिजे. या गोल डब्यात खालच्या बाजूचा बोल्ट भिंतीला इतका चिकटून येतो की पाना अर्धा वळण घेतो आणि थांबतो. पहिल्यांदाच ग्लँड पॅकिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग, बदलायची वेळ आली तेव्हा फिटरने पाऊण तास नुसता एका नटावर घालवला. शिवाय पाईप जिथे भिंतीतून जातो तिथे पक्का धरलेला होता. तिथे थोडी फट ठेवून लवचिक सील पाहिजे, नाहीतर चेंबर बसलं की पाईपवर भार येतो आणि जोड तुटतो.

आणि एअर व्हॉल्व्हचं चेंबर. लाईनच्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह असतो, लाईन भरताना हवा बाहेर सोडतो आणि रिकामी होताना हवा आत घेतो. चेंबरमध्ये पाणी साचून व्हॉल्व्ह बुडाला आणि त्याच वेळी पुढे कुठे लाईन फुटून दाब उणे झाला तर हवेऐवजी ते साचलेलं घाण पाणी पिण्याच्या लाईनीत ओढलं जातं. या डब्याला तळाशी निचऱ्याची सोय नव्हती आणि व्हेंटही नव्हता. आम्ही तो एक काढून काँक्रीटचं चौकोनी चेंबर केलं, तळाला खडीचा निचरा, जमिनीच्या वर येणारा जाळीचा व्हेंट, आणि व्हॉल्व्ह तळापासून बराच उंच. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत एवढं चालवून घेणार नाही.

गेल्या महिन्यात ड्रेनेजची सगळी ४८ झाकणं उघडून बघितली. प्लास्टिकच्या बेसवर जेटिंगच्या नोझलचे ओरखडे आहेत पण खोल नाहीत. दोन ठिकाणी चिकट तेलाचा थर धरलाय, तो स्वयंपाकघराच्या लाईनीचा, चेंबरचा दोष नाही. एका टेलिस्कोपिक जोडातून बारीक वाळू आत येतेय, ती रिंग बदलायची आहे. मुळं कुठेच शिरलेली नाहीत. कंपनीकडून एक गोष्ट हवी होती जी मिळाली नाही, बेसवर किंवा शाफ्टवर नंबर आणि खोली लिहायची जागा. आम्ही स्वतःच प्रत्येक झाकणाच्या खालच्या बाजूला ऑईल पेंटने चेंबरचा नंबर, तळाची लेव्हल आणि पाणी कुठल्या दिशेने जातं त्याचा बाण काढून ठेवलाय, आणि ज्या सहामध्ये माणूस उतरू शकतो त्यांच्यावर लाल रंगात लिहिलंय, मीटर लावल्याशिवाय नाही.